साठीनंतर लाठी धरावी का?

प्रश्न : माझे वय ६३. शेती आता मुलगा बघतो. विशीपर्यंत गावच्या तालमीत होतो, जत्रेत रेवड्यांपासून नारळापर्यंतच्या कुस्त्या धरल्या. पुढे संसारात सगळे सुटले. आता पोट सुटले आहे, साखर थोडी वर असते, गोळी चालू आहे. खाली बसलो की उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो. नातू बीदरला कराटे शिकतो. त्याचे सर म्हणतात, ‘आजोबा, तुम्हीपण या.’ आमच्या भागातले एक जुने वस्ताद पोरांना लाठी शिकवतात, तेही बोलावतात. घरचे म्हणतात, या वयात हाड मोडले तर कोण निस्तरणार, त्यापेक्षा सकाळी चालत जा. लाठी, कुस्ती, कराटे यांतले काही या वयात करण्यात अर्थ आहे का, की चालणेच पुरे? पत्नी ५८ वर्षांची आहे. तिलाही लाठी शिकावीशी वाटते, पण लोक काय म्हणतील म्हणून मागे सरते.
– एक वाचक, जनवाडा (जि. बीदर)

उत्तर : लाठी धरा. कराटेही चालेल, पण अटी घालून. कुस्ती मात्र आता बघायची आणि पोरांना सांगायची, अंगाला अंग भिडवून धरायची नाही. पत्नीला तर तुमच्याही आधी पाठवा. ही झाली थोडक्यात उत्तरे. आता कारणे सांगतो, कारण घरच्यांना पटवायचे काम तुमच्याकडे आहे आणि त्यांची भीती अगदीच पोकळ नाही.

आधी चालण्याविषयी. चालणे सोडू नका. त्याने दम टिकतो, साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, झोप लागते. पण चालताना आपण एकाच दिशेने, एकाच वेगाने, ओळखीच्या जमिनीवर पाऊल टाकत असतो. म्हातारपणी माणूस पडतो तो नुसता असा सरळ चालताना नव्हे. ओल्या न्हाणीत पाय सरकतो, गोठ्याच्या उंबऱ्याला अंगठा अडतो, कुणी मागून हाक मारली म्हणून वळताना तोल जातो. त्या क्षणी सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. दुसरा पाय झटकन पुढे आला तर वाचलो, नाही आला तर खुब्याचे हाड.

हा झटकाच वयाबरोबर आधी जातो. तिशीनंतर दर दहा वर्षांत अंगातले सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू घटतात आणि साठीनंतर ही झीज वाढते. स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात : संथपणे पुष्कळ वेळ काम करणारे आणि झटक्यात आकसणारे. उतारवयात बारीक होतात ते मुख्यतः दुसरे. म्हणून साठी उलटलेला शेतकरी शेतापर्यंत दोन मैल आरामात चालून येतो, पण घरात पाटावर पाय सरकला की सावरू शकत नाही. ताकद कमी होते त्याहून लवकर चपळाई कमी होते, आणि चालण्याने चपळाई राहत नाही. ती ठेवायची तर अंगाला थोडे जलद हलायला लावावे लागते, तोल एका पायावरून दुसऱ्यावर टाकावा लागतो, कमरेतून वळावे लागते, मागे आणि आडवे पाऊल टाकावे लागते. लढण्याच्या सगळ्या विद्या नेमके हेच करून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील लोकांसाठी जी शिफारस केली तिच्यात आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम तर आहेच, शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद एकत्र लागेल असा व्यायामही सांगितला आहे. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो, तिसरा कुणीच सांगत नाही.

‘आता या वयात काय अंग वळणार’ हे वाक्य तुमच्या कानावर पडत असेल. ते खरे नाही. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना घेऊन आठ आठवडे मांड्यांच्या ताकदीचा व्यायाम करवला गेला. ज्यांनी तो पुरा केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत स्नायू ऐकतात, तर तुमची त्रेसष्टी ही काही हात टेकायची वेळ नव्हे.

युद्धकलांपैकी सर्वांत जास्त तपासली गेली ती चीनची ताईची. मुळात ती लढण्याचीच विद्या, पण वार, अडव आणि पवित्रे अतिशय संथ लयीत करायचे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सत्तरी ओलांडलेल्या ६७० जणांचे तीन गट करून अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे आधी पडलेले किंवा चालण्यात अडचण असलेले लोक होते. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताईची करणाऱ्यांचे पडणे ५८ टक्क्यांनी कमी झाले. ताकद, दम आणि तोल यांचा मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही ते ३१ टक्क्यांनी कमी होते. हे आकडे लाठीला जसेच्या तसे चिकटवू नयेत. पण ज्यामुळे ताईचीचा गुण येतो – गुडघे किंचित वाकवून उभे राहणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, वळताना नजर आणि कंबर बरोबर फिरवणे, हालचालींचा क्रम ध्यानात ठेवणे – ते सारे लाठीच्या पवित्र्यांत आणि कराटेच्या ठरलेल्या हालचालींच्या क्रमांत आहेच.

हे सगळे बाहेरून आलेले शहाणपण आहे असेही समजू नका. तुमच्याच जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, म्हणजे जुन्या कल्याणीला, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी भाषेच्या अभ्यासकांना तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे ठाऊक असतो. पण त्यात मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे आणि तालमीतल्या माणसाने ते जरूर समजून घ्यावे. मल्लांची मेहनत कशी असावी हे तिथे सांगितले आहे : वाळू भरलेल्या पिशवीने करायचा भारश्रम, पहाटे लांबवर चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यात पोहण्याचा सलिलश्रम, बाहूंना बाहू लावून जोर अजमावण्याचा श्रम आणि खांबावर करायचा स्तंभश्रम. आपल्या मल्लखांबाचे मूळ शोधणारे या शेवटच्या नोंदीपाशी येतात. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. झोंबीपेक्षा मेहनतीचे प्रकार कितीतरी अधिक आहेत, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रकार बेताने केला तर म्हाताऱ्या माणसाला करता येण्याजोगा आहे. साठीनंतरचा हिशेब मी इथूनच मांडतो : मेहनत ठेवायची, झोंबी सोडायची.

आता कुस्ती. तुम्ही जुने पैलवान आहात म्हणून हे स्पष्ट लिहितो. विशीत बसलेले डाव डोक्यात जसेच्या तसे राहतात. पोरगा समोर आला की हात आपोआप पट काढायला जातो. पण मानेचे मणके, खांद्याची वाटी आणि गुडघ्याची गादी चाळीस वर्षांनी जुनी झालेली असते. धोबीपछाडीत ज्या वेगाने अंग जमिनीवर येते तो वेग तुमच्या हाडांनी आता सोसायचा नाही. आपल्या भागात जुन्या पैलवानांचे नुकसान आणखी एका कारणाने होते : मेहनत सुटते, पण खुराकाची सवय सुटत नाही. पाचशे जोर मारणाऱ्याचे तूप, बदाम आणि मटण बसून राहणाऱ्याच्या पोटात गेले की पन्नाशीत साखर, साठीत रक्तदाब. तुमच्या पत्रातले सुटलेले पोट वाचून मला हेच दिसले.

म्हणजे आखाड्याकडे पाठ फिरवायची असे नाही. तुमच्या शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. त्यांनी पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवले. वय वाढलेल्या पैलवानाची जागा तीच : मातीच्या कडेला उभे राहून पोराचा पाय कुठे चुकतो ते सांगणे. आपल्या मुलुखात कन्नड बोलणाऱ्या गावांत गरडीमने आहे, मराठी बोलणाऱ्या गावांत तालीम आहे, आणि दोन्हीकडे म्हाताऱ्या वस्तादाला मान आहे. रोज संध्याकाळी तासभर तिथे जाणे, पोरांची मेहनत मोजणे, मधून स्वतः हलके जोर काढणे, हा उत्तम व्यायाम आणि उत्तम सहवास आहे. जोर काढायचे तर आधी भिंतीला हात लावून, मग ओट्याला, आणि महिन्यादोन महिन्यांनी जमले तर जमिनीवर. बैठका पूर्ण खाली जाऊन मारू नका. खुर्चीवर बसून, हात छातीवर दुमडून, उठणे-बसणे हीच सध्या तुमची बैठक.

कराटेबद्दल नातवाच्या सरांना एकच गोष्ट विचारा : काता आणि कुमिते वेगवेगळे शिकवता का? काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, एकट्याने करायचा. कुमिते म्हणजे प्रतिस्पर्ध्याशी सामना. काता शिका, कुमितेला नम्रपणे नाही म्हणा. उंच लाथा, उड्या आणि मुठीवरचे जोर हेही तुमच्यासाठी नाहीत. सर म्हणाले की सगळ्यांना सारखेच करावे लागते, तर ते सर पोरांसाठी चांगले असतील, तुमच्यासाठी नव्हेत.

या विभागणीचे सर्वांत सुंदर उदाहरण ज्युदोत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांच्या शिष्या केइको फुकुदा १९१३ साली जन्मल्या, विशीत ज्युदो शिकू लागल्या, पुढे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला त्यांनी आयुष्यभर शिकवले. २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांना दहावा ‘दान’ (श्रेणी) मिळाला. ज्युदोत त्याच्यावर काही नाही. २०१३ मध्ये ९९ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचे प्रभुत्व होते ते ‘जू नो काता’वर, म्हणजे ज्युदोच्या अशा क्रमावर ज्यात डाव लावायचा, समोरच्याचा तोल घ्यायचा, पण त्याला जमिनीवर आपटायचे नाही. झोंबी सोडली म्हणून कला सुटत नाही, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

आता लाठी, कारण माझे मत तिच्याच बाजूने आहे.

पहिले कारण, ती तुमच्या आसपास आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरकडे मर्दानी खेळांत लाठी, बनेटी, दांडपट्टा, फरी-गदगा चालतात. नांदेडला आणि बीदरला शिखांचा गतका आहे. पंजप्याऱ्यांतले भाई साहिबसिंग हे परंपरेने बीदरचे मानले जातात, त्यामुळे तुमच्या शहराला त्या परंपरेतही जागा आहे. शिकवणारा जवळ असणे ही म्हातारपणाच्या व्यायामात फार मोठी गोष्ट. दर वेळी एसटीने शहरात जावे लागले की पावसाळ्यात खंड पडतो आणि पडलेला खंड भरून निघत नाही.

दुसरे कारण लाठीच्या स्वभावात आहे. ती दोन माणसांत अंतर ठेवते. अंगाला अंग लागत नाही, त्यामुळे कुणी अंगावर पडण्याचा धोका नाही. एकट्यानेही ती फिरवता येते. आणि फिरवताना शरीराचा कुठलाच भाग मोकळा सुटत नाही. मनगटाने आठाच्या आकड्यासारखा फेर काढताना खांदा सर्व बाजूंनी फिरतो. साठीनंतर खांदे आखडतात, हात मागे नेऊन सदरा घालता येत नाही, त्यासाठी हा चांगला व्यायाम. लाठी उजवीकडून डावीकडे नेताना कंबर वळते आणि वजन पायावरून पायावर जाते. डाव्या हाताने फेर काढताना ज्या हाताला कधी काम नव्हते त्याला कामाला लावावे लागते, आणि इथे डोक्याचाही व्यायाम होतो. पाय एक क्रम पाळत असतात, हात दुसरा, नजर तिसरीकडे. चालता चालता बोलायला लागले की पाय थांबतात, अशी म्हातारी माणसे तुम्ही पाहिली असतील. दोन कामे एकदम करण्याची शक्ती कमी झाल्याची ती खूण. लाठी हीच शक्ती रोज वापरायला लावते.

सुरुवात कशी करावी ते सांगतो. वस्ताद पोरांना देतात ती भरीव, जड बांबूची लाठी घेऊ नका. हलका वेत किंवा बारीक बांबू घ्या, उंची छातीपर्यंत पुरे, गाठी घासून गुळगुळीत केलेल्या. आधी दहा मिनिटे जागच्या जागी चाल, खांदे आणि मान सावकाश मोकळी करणे. उतारवयात अंग तापायला वेळ लागतो आणि दुखापती पुष्कळदा थंड अंगाने सुरू केल्याने होतात. मग पवित्रा : पाय खांद्याएवढे फाकलेले, एक पुढे, गुडघे थोडे सैल, पाठ ताठ. या एकाच पवित्र्यात पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे पाऊल टाकायला शिका, हातात लाठी न घेता. पहिले पंधरा दिवस एवढेच केले तरी चालेल. त्यानंतर लाठीचे समोरचे फेर, संथ. डोक्यावरून नेण्याचे फेर खांदा न दुखता हात कानापर्यंत जातो तेव्हाच. वेग सर्वांत शेवटी, पण वेग आणा नक्की. तीन-चार महिन्यांनी, अंग चांगले तापल्यावर, थोडेसे फेर आणि पावले झटक्याने करा. पडताना सावरणारा तो झटका याशिवाय परत येत नाही. आठवड्याला तीन-चार दिवस, अर्धा ते पाऊण तास. वेळ सकाळची, उन्हाळ्यात सातच्या आत. बीदरचे पठार थोडे उंच आणि थंड तरी आहे, पण खाली कलबुर्गीकडच्या वाचकांनी एप्रिल-मेमध्ये उन्हाचा धोका लहान समजू नये.

फायदा होतो आहे की नाही हे मोजायची दोन साधी मापे देतो. एक, हात दुमडून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते ते मोजा. ६० ते ६४ वयाच्या पुरुषाने १४ पेक्षा कमी आणि स्त्रीने १२ पेक्षा कमी केले तर पायांची ताकद सरासरीहून कमी समजतात. दुसरे, भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हे जमले नाही त्यांच्यात पुढच्या सुमारे सात वर्षांतले मृत्यू लक्षणीय जास्त होते. एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. तोल हा सगळ्या तब्येतीचा आरसा आहे, एवढे त्यातून घ्यावे. दर महिन्याला मोजा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पडण्याची भीती घरच्यांना आहे, म्हणून तिच्याबद्दल आणखी. नेदरलँड्समध्ये वयस्कर लोकांसाठी न पडण्याचे आणि पडलेच तर कसे पडावे याचे वर्ग चालतात, त्यात युद्धकलेतली पडण्याची रीत शिकवतात. आडवे पडताना अंग ताठ न ठेवता गोल करून लोळण घेतली की खुब्यावर येणारा आघात सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो, असे तिथल्या संशोधकांनी अनुभवी ज्युदोपटूंवर मोजून दाखवले. तुम्ही जुने पैलवान आहात, अंग गोल करून पडणे तुम्हाला कधीकाळी येत होते. पण ते आता आपल्या आपण आठवायला जाऊ नका. हाडांची घनता तपासल्याशिवाय आणि जाड गादीशिवाय पडण्याचा सराव नको. त्याऐवजी जमिनीवरून उठण्याचा सराव करा : आडवे झोपायचे, कुशीवर वळायचे, हात-गुडघ्यांवर यायचे, एक पाय पुढे रोवून उभे राहायचे. रोज दोन-तीनदा. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे हाल पुष्कळदा हाड मोडण्यापेक्षा तासन्‌तास उठता न आल्याने होतात. हा सराव घरातल्या सगळ्यांसमोर करा, म्हणजे त्यांची भीतीही कमी होईल.

आता पत्नीचा प्रश्न. पाळी गेल्यावर बाईच्या हाडांची झीज वेगाने होते, म्हणून तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम पुरुषापेक्षा तिला अधिक लागतो. आपल्याकडे तो तिलाच सर्वांत कमी मिळतो. घरकाम भरपूर असते म्हणून व्यायाम नको, हे म्हणणे चुकीचे आहे. भाकरी थापून आणि धुणे धुऊन खांदे-कंबर दुखतात, तोल सुधारत नाही. लोक काय म्हणतील, याला उत्तर जुलै २०२० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर मिळालेले आहे. टाळेबंदीत पोटासाठी दोन काठ्या फिरवणाऱ्या शांताबाई पवार यांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. तेव्हा त्यांचे वय ८५ सांगितले गेले. डोंबारी कुटुंबात लहानपणी वडिलांकडून शिकलेली विद्या त्यांनी आयुष्यभर चालू ठेवली होती. लोकांनी त्यांना आदराने ‘वॉरियर आजी’ म्हटले. केरळात वडकरा इथल्या मीनाक्षी अम्मा सत्तरीतही साडी नेसून कळरिपयट्टू ही युद्धकला शिकवत होत्या, त्यांना २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघींनी सात-आठ वर्षांच्या असताना सुरुवात केली होती, म्हणून तुमच्या पत्नीने त्यांच्यासारख्या वेगाची अपेक्षा धरू नये. पण लाज वाटण्याचे कारण काही उरत नाही. शेजारच्या दोन-चार बायका बरोबर घेतल्या तर आणखी बरे. पायघोळ साडीत पाय अडकतो, तेव्हा सलवार किंवा घट्ट कासोटा.

खाण्याबद्दल थोडेच लिहितो. पैलवानी खुराक परत सुरू करू नका. पण प्रथिने कमी पडू देऊ नका. उतारवयात वजनाच्या दर किलोला सुमारे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. आपल्या भागातला माणूस दोन भाकऱ्या, तिखट आणि पातळ वरण यावर दिवस काढतो, त्यात ती भरत नाहीत. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली गुलबर्ग्याची तूरडाळ तुमच्या दारात पिकते. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. वरण घट्ट करा, दोन्ही वेळा घ्या, जोडीला मूग-मटकीची उसळ, दूध किंवा ताक, खात असाल तर अंडे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे.

काही सावधगिरी तुमच्या प्रकृतीमुळे. साखरेच्या काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने व्यायामानंतर साखर एकदम उतरते, म्हणून खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवा आणि आपली गोळी त्यातली आहे का ते डॉक्टरांना विचारा. तालमीत अनवाणी उतरायची रीत आहे. पण मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल तर खडा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. तुम्ही पातळ तळाचे बूट घाला, वस्ताद समजून घेतील. जोर काढताना किंवा लाठी जोरात आणताना श्वास कोंडू नका, त्याने रक्तदाब उसळतो. रक्तदाब १८०/११० च्या वर असेल तर तो खाली येईपर्यंत व्यायाम बंद. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंधारी, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांतले काहीही झाले तर तिथेच थांबा आणि घरी न जाता दवाखान्यात जा. मोतीबिंदू असेल तर आधी तो काढा. अंतर न दिसणाऱ्याने लाठी फिरवणे इतरांनाही धोक्याचे. अंग दुखणे दोन दिवसांत जायला हवे. सांधा सुजला किंवा रात्री ठणकला तर तेवढा प्रकार वगळा, सगळे बंद करू नका.

साखर, रक्तदाब, सांधेदुखी लाठीने बरी होईल असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. औषधे चालू राहतील, कमी करायची तर डॉक्टर करतील. पण एक लाभ मापात धरता येत नाही, तोही सांगतो. जर्मनीत रेगेन्सबर्ग इथे ६७ ते ९३ वयाच्या लोकांना कराटे शिकवून पाहिले, तेव्हा सर्वांत ठळक फरक दिसला तो मनःस्थितीत. मला यात नवल वाटत नाही. शेती मुलाकडे गेली, घरातले निर्णय मुलाकडे गेले की साठीतल्या माणसाला दिवस मोठा वाटू लागतो. ठरल्या वेळी कुठे तरी जायचे आहे, कुणी तरी ‘पाय मागे घ्या’ म्हणून चूक दाखवणार आहे, काल जमले नाही ते आज जमवायचे आहे, याने माणूस ताठ राहतो.

तेव्हा येत्या आठवड्यात बीदरला जाऊन रक्तदाब, साखर आणि डोळे तपासून घ्या, पत्नीच्या हाडांची घनता जमल्यास पाहा, आणि दोघेही वस्तादांकडे जा. पहिले तीन महिने त्यांनी एकही डाव न शिकवता नुसते पवित्रे आणि फेर करून घेतले, तर ते बरोबर शिकवत आहेत असे समजा. पहिल्याच दिवशी पोराशी लढत लावली, तर दुसरा वस्ताद शोधा.